परगावातले घरचे ताट

खानावळ म्हणजे पैसे देऊन पोटभर जेवण्याची जागा. लातुरात तिला हॉटेलापासून नेहमी वेगळे धरले गेले. हॉटेलात माणूस चहा-भजी किंवा चुरमुऱ्यांचा सुशीला खायला जातो आणि दहा मिनिटांत उठतो. खानावळीत तो ताट पुढे घेऊन बसतो. त्या ताटात भाकरी किंवा पोळी, कालवण, वरण, भात असतो, आणि बहुधा उद्याही तो तिथेच येणार असतो. महिन्याच्या हिशेबाने जेवणे ठरवले की तिलाच मेस म्हणतात. शब्द काहीजण ‘खाणावळ’ असाही लिहितात. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बिदर आणि त्यापलीकडच्या कलबुर्गी भागात तो ‘खानावळी’ म्हणून कन्नडमध्ये रुळला आहे. उत्तर कर्नाटकात ज्वारीची रोटी वाढणाऱ्या जेवणघराच्या पाटीवर आजही हाच शब्द दिसतो.

या धंद्याचे एक वैशिष्ट्य त्याच्या सगळ्या इतिहासातून जाणवते. खानावळीत काय शिजावे हे आचारी ठरवत नाही, जेवणारा ठरवतो. परगावी आलेल्या माणसाला नवी चव नको असते. आपल्या घरी जे मिळते त्याच्या जवळचे काही हवे असते. थायलंडच्या समुद्रकाठी पट्टायासारख्या गावात भारतीय प्रवाशांसाठी डाळ-रोटीची आणि जैन जेवणाची हॉटेले उभी राहिली ती याच गरजेपोटी. लातूर समुद्रापासून दूर, बालाघाटच्या पठारावरचे गाव. तरी शंभराहून अधिक वर्षे इथे सतत कोणीतरी परका येत राहिला. आधी व्यापारी आला, मग कारकून आणि शेवटी विद्यार्थी. त्या प्रत्येकासाठी लातूरने आपले ताट थोडे थोडे बदलले.

खानावळीच्या आधी शिजवलेले अन्न विकणे मराठवाड्यात फारसे मानाचे नव्हते. अन्न द्यायचे ते अतिथीला, यात्रेकरूला किंवा भिक्षेकऱ्याला. पंढरपूर आणि तुळजापूरच्या वाटांवरचे प्रवासी शिदोरी बांधून निघत. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी दोन-तीन दिवस टिकते, म्हणून प्रवासाचे जेवण तेच. लांबच्या प्रवासात पीठ-मीठ बरोबर असे आणि धर्मशाळेच्या आवारात तीन दगडांची चूल मांडून जो तो आपले शिजवून खाई. सोवळे पाळणाऱ्याला दुसऱ्याच्या हातचे चालत नव्हते, आणि ज्याच्या हातचे कोणालाच चालत नव्हते त्याला धर्मशाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती. शिकणाऱ्या मुलांची सोय वारावर होई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार लावून मुलगा शिकत असे. नाहीतर माधुकरी मागे. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाने याच माधुकरीच्या आधारावर गरीब मुलांच्या जेवणाची व्यवस्था उभी केली. वार लावून जेवणारा मुलगा आणि महिन्याचे पैसे भरून मेसला जाणारा मुलगा यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच खानावळीच्या इतिहासाचे अंतर आहे.

लातुरात हे अंतर कापले गेले ते बाजारामुळे. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे गावाचे नाव फार जुने. पण आजचे शहर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन दशकांत घडले. तेव्हा ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची, अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांची खासगी कंपनीची गाडी. तिचा पहिला टप्पा बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी असा १८९७ मध्ये सुरू झाला आणि १९११ मध्ये ती लातूरपर्यंत आली. कापूस, तेलबिया आणि कडधान्य यांना मुंबईच्या वाटेवर नेणारा तो रस्ता होता. पाठोपाठ गंजगोलाई उभी राहिली. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार बांधलेली ही दुमजली गोलाकार बाजारपेठ १९१७ ची. मधोमध जगदंबेचे मंदिर, आणि भोवतालून सोळा रस्ते निघालेले. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा व्यापार बसला. भुसार लाइन, कापड लाइन अशी नावे अजून चालतात.

बाजाराला परका माणूस लागतो. लातूरच्या गंजात मारवाडी आणि गुजराती व्यापारी येत, तेलंगणाकडून कोमटी येत, बिदरकडून लिंगायत वाणी येत, बार्शी-सोलापूरकडून अडते आणि दलाल येत. मालाबरोबर नाणेही बदलावे लागे. निजामी मुलखात हाली सिक्का चाले, पलीकडे इंग्रजी मुलखात कलदार. साधारण सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका माल तपासून जकात घेई. नाका, तोल, सौदा आणि पट्टी हे सगळे एका दिवसात उरकत नसे, आणि मुक्काम पडला की जेवणाचा प्रश्न येई.

शेतकऱ्याने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला होता. तो बैलगाडीतून माल घेऊन येई तेव्हा धडप्यात बांधलेली भाकरी त्याच्याबरोबर असे. अडतीच्या ओट्यावर किंवा गाडीच्या सावलीत तो शिदोरी सोडी, फार तर जवळच्या हॉटेलातून भजी नाहीतर शेव घेई. खानावळीत बसून पूर्ण जेवणाचे पैसे देणे त्याला परवडत नव्हते आणि गरजेचेही वाटत नव्हते. गंजातली खानावळ ज्याच्या हातात रोख पैसा होता पण ज्याची चूल दूर होती त्याच्यासाठी होती: दलाल, मुनीम, एकटा राहणारा नोकरदार, कोर्टकज्जासाठी आलेला माणूस. ती चालवणारी बहुतेक घरेच असत. पुढच्या खोलीत पाट मांडायचे, मागच्या खोलीत चूल. पुष्कळ ठिकाणी कर्ता पुरुष गेलेली बाई आपल्या हातच्या चवीवर मुले वाढवत असे. मराठी शहरांतून खानावळ हा बाईला घर न सोडता करता येणाऱ्या मोजक्या धंद्यांपैकी एक होता. इतिहासात या बायकांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत, ही या विषयातली सर्वांत मोठी उणीव आहे.

खानावळीचा दरवाजा सगळ्यांना उघडा नव्हता. मराठवाड्यात आणि शेजारच्या सोलापूर भागात पाट्याच जातीच्या नावाने लागत: ब्राह्मणी खानावळ, लिंगायत खानावळ, मराठा खानावळ. पाटी वाचली की आत काय शिजते ते कळे. पहिल्या दोन्ही ठिकाणी शाकाहार. ‘मराठा’ म्हटले की मटणाचा रस्सा. मुसलमानांची हॉटेले वेगळी. त्यांतून हैदराबादी वळणाचे जेवण मिळे. मसाल्यात शिजवलेल्या भाताची तहारी ही त्यांची ओळख. उदगीर, औसा आणि लातूर इथल्या मुस्लिम वस्त्यांत हा स्वयंपाक पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ही विभागणी चवीची होती तशी विटाळाचीही होती. ‘घरच्यासारखे जेवण’ या शब्दांत घराचे सगळे नियमही आत आले, आणि त्या नियमांनी दलित माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवले. चहाच्या हॉटेलांत त्याच्यासाठी वेगळी कपबशी बाहेर कोनाड्यात किंवा खुंटीवर असे. ती त्यानेच विसळून परत ठेवायची. पैसे मात्र त्याच्याकडून इतरांइतकेच घेतले जात.

भारतीय राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. तिच्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे: धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात हॉटेलाचा उल्लेख यावा, यावरूनच त्या उंबऱ्याचे वजन कळते. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने असा मज्जाव हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला. शहरात बसस्थानकाजवळच्या हॉटेलांत हा बदल लवकर दिसला, कारण तिथे कोण कुठून आला हे विचारायला कोणाला सवड नव्हती. खेड्यातल्या वेगळ्या कपबशा त्यानंतरही बरीच वर्षे टिकल्या. जातीच्या नावाच्या पाट्या आज दिसतात त्या स्वयंपाकाची जात सांगण्यापुरत्या. आत बसणाऱ्याला कोणी जात विचारत नाही. हे काम कायद्याने केले, गर्दीने केले आणि ज्यांनी पहिल्यांदा आत जाऊन बसण्याचे धाडस केले त्यांनी केले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. करोडगिरीचे नाके आणि हाली सिक्का पुढच्या काही वर्षांत गेले. बार्शी लाइट रेल्वे सरकारने १९५४ मध्ये आपल्याकडे घेतली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात. खानावळीच्या दृष्टीने यातला मोठा बदल म्हणजे एस.टी. लातूरला येणारा माणूस आता रेल्वेच्या एका फेरीवर अवलंबून राहिला नाही. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ लागला. गंजातला मुक्काम कमी झाला आणि जेवणाची वर्दळ बसस्थानकाकडे सरकली. तिथे ‘राइस प्लेट’ आली. ताटाची किंमत ठरलेली, वाट्या मोजक्या, जागेवर बसले की पाच मिनिटांत समोर. पाट आणि पत्रावळ जाऊन टेबल आणि कप्प्यांची स्टीलची ताटली आली. रस्त्यालगत ढाबे उभे राहिले आणि दाल तडका, शेवभाजी हे शब्द मराठवाड्याच्या बोलीत शिरले. लातूरहून तुळजापूर-सोलापूरकडे जाताना औसा तालुक्यातले उजनी लागते. तिथल्या बासुंदीसाठी गाड्या थांबू लागल्या आणि एका लहान गावाचे नाव एका पदार्थाला कायमचे चिकटले. निलंग्याच्या नावाने मसालेदार भात गाड्यांवर विकला जातो, तोही याच रस्त्यावरच्या खाण्याचा भाग.

१९७२ च्या दुष्काळाने या सगळ्या ताटांची कसोटी पाहिली. ज्वारी मिळेना, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी रेशनवर वाटली गेली आणि रोजगार हमीच्या कामांवर सुकडी. ज्या भागात पाहुण्याला पहिल्यांदा ‘भाकरी खाल्ली का’ असे विचारतात, तिथे तांबड्या पिठाची जाड भाकर समोर येणे ही नुसती अन्नाची टंचाई नव्हती. त्या पिढीतली माणसे आजही ताटात भाकरीचा तुकडा टाकू देत नाहीत.

त्या भाकरीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लातूरच्या खानावळीची परीक्षा तिच्यावरच होते. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ ताजे दळलेले असावे लागते. जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात. अशा वेळी आधणाचे पाणी घालून पीठ मळतात. गोळा तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मऊ करायचा, काठवटीत कोरडे पीठ भुरभुरून थापायचा आणि हाताच्या हलक्या ठोक्यांनी तो गोल गोल फिरवत मोठा करायचा. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी पूर्ण सुकण्याआधीच भाकरी उलटली पाहिजे. उशीर झाला तर तडा जातो, घाई केली तर ती तव्याला चिकटते. शेवटी निखाऱ्यावर नाहीतर गॅसच्या जाळावर धरली की ती फुगून दोन पदर सुटतात. हे काम यंत्राला अजून नीट जमलेले नाही. म्हणून खानावळीत पोळ्या कोणीही लाटो, भाकरीला बसणारी बाई ठरलेली असते आणि ती आली नाही तर त्या दिवशी फळ्यावर ‘भाकरी नाही’ असे लिहावे लागते.

भाकरीबरोबर येते ती बहुधा येसराची आमटी. भाजलेले धान्य, डाळ आणि मसाले एकत्र दळून केलेले पीठ म्हणजे येसर. ते वर्षभर टिकते आणि ऐनवेळी उकळत्या पाण्यात कालवले की दाटसर, खमंग आमटी होते. दहा माणसांच्या अंदाजात पंचवीस माणसे आली तरी ती पुरवता येते. लग्नाच्या पंगतीतून ती खानावळीत आली ती याच गुणामुळे. बाजूला शेंगदाण्याची चटणी, त्यावर कच्चे तेल, कांदा, ठेचा. हिवाळ्यात अंबाडीची भाजी. मालही आसपासचाच. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, औसा तालुक्यातल्या आशिवची काष्टी कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वरणाच्या एका वाटीत डाळ, चिंच आणि कोथिंबीर तिन्ही असतात, आणि लातूरच्या चांगल्या खानावळीत हे तिन्ही जिन्नस चाळीस-पन्नास किलोमीटरच्या टापूतून आलेले असू शकतात. जेवणाऱ्याला हे माहीत असतेच असे नाही, पण वरण गोड लागते.

नांदेडला परक्याच्या जेवणाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये गोदावरीकाठी नांदेडला देहावसान झाले. तिथला सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. पंजाबातून इतक्या दूर येणाऱ्या यात्रेकरूची जेवणाची सोय विकत मिळणाऱ्या ताटाने झाली नाही, लंगरने झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी बाबा निधानसिंग यांनी इथे लंगरची सेवा वाढवली आणि गुरुद्वारा लंगर साहिब त्यांच्या नावाशी जोडला गेला. ज्वारीच्या मुलखात गव्हाच्या रोट्या, डाळ आणि खीर रोज हजारोंच्या पंगतीला वाढली जाऊ लागली. पंजाबी यात्रेकरूला परमुलखात आपले जेवण मिळाले आणि नांदेडच्या मराठी माणसालाही त्याच पंगतीत जागा मिळाली. पंगतीत राजा आणि मजूर शेजारी बसतात, हा लंगरचा मूळ नियम. ज्या काळात शेजारच्याच गावात खानावळीचा उंबरा जात पाहत होता, त्या काळातही हा नियम तिथे चालू होता, हे विसरता येत नाही. अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्ये प्रवाशांना वाटेतल्या स्थानकांवर लंगरचे जेवण आणून वाढतात; नांदेडची पंगत अशी रुळांवरूनही चालते.

लातूरला ऑगस्ट १९८२ मध्ये जिल्ह्याचा दर्जा मिळाला. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालये, बँका, बदलून आलेले कर्मचारी यांच्यामुळे महिना लावून जेवणाऱ्यांची संख्या वाढली. पण शहराचे रूप पालटले ते शिक्षणाने. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जादा तास, सराव परीक्षा आणि शिस्त यांवर जी पद्धत बसवली, ती ‘लातूर पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रभर गाजली. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावे येऊ लागली, तशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, नंतर विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातूनही मुले येऊ लागली. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचे शिकवणी वर्ग वाढले. उद्योग भवनाच्या आसपासच्या भागाला लोक ‘ट्युशन एरिया’ म्हणू लागले. गंजगोलाईने जसा व्यापाऱ्याला मुक्काम दिला, तसा या भागाने विद्यार्थ्याला दिला.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा हा व्यापाऱ्यापेक्षा वेगळा जेवणारा आहे. त्याच्या हातात पैसा थोडा, भूक मोठी, आणि घर सोडण्याची ही पहिलीच वेळ. मेसचा सगळा कारभार त्याच्या वेळापत्रकावर बसला. सकाळच्या तासांनंतर दहा-साडेदहाला पहिले जेवण, रात्री साडेसात ते नऊ दुसरे. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे. गावी गेले तर आधी सांगून खाडे कापून घ्यायचे. किती दिवसांचे खाडे धरायचे हा मेसवाली मावशी आणि मुले यांच्यातला कायमचा वाद. रविवारी दुपारी ‘फीस्ट’, म्हणजे पुरी, मसालेभात, एखादे गोड, आणि त्याच्या बदल्यात रात्री सुट्टी. ज्याला जाता येत नाही त्याच्यासाठी डबा. चार पुडांच्या डब्यात वरच्या पुडात पोळ्या, खाली भाजी, वरण, भात. झाकणावर रंगाने नाहीतर खिळ्याने कोरलेला खोलीचा क्रमांक. दाराबाहेर सकाळचा रिकामा डबा विसळून ठेवायचा आणि संध्याकाळचा भरलेला उचलायचा, ही देवाणघेवाण कित्येकदा दोन वर्षे न बोलता चालते.

मेसच्या जेवणाबद्दल तक्रार नाही असा विद्यार्थी शोधून सापडणार नाही: वरण पातळ, पोळी कडक, आठवड्यातून तीनदा बटाटा. तरी आजारी पडलेल्या मुलासाठी मऊ भात बाजूला काढून ठेवणारी आणि परीक्षेच्या सकाळी त्याच्या हातावर दही-साखर घालणारीही तीच मावशी असते. ज्यांना मेस परवडत नाही किंवा मानवत नाही, त्यांच्या घरून आई येते. शहरात एक खोली भाड्याने घेऊन ती दोन वर्षे मुलासाठी स्वयंपाक करते आणि वडील गावाकडे शेतीपाशी एकटे राहतात. शेजारच्या खोलीतली दोन मुले तिच्याकडे जेवायला येऊ लागली की तिचीही एक लहानशी खानावळ होते. अशा घरगुती मेस पाटीशिवाय चालतात. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली. लातूरच्या मेसवाल्या संख्येने बऱ्याच असल्या तरी बहुतेक जणी एकेकट्याच आहेत. किराणा उधारीवर, गॅस रोखीने आणि कमाई विद्यार्थ्यांच्या हंगामावर.

हा धंदा किती नाजूक आहे ते तीन प्रसंगांत दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. जवळपास आठ हजार माणसे गेली. गावोगावहून मदत घेऊन आलेल्यांनी पहिले काही दिवस सामुदायिक चुली पेटवल्या. नंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे काम वर्षानुवर्षे चालले आणि अभियंते, अधिकारी, कार्यकर्ते लातूर-उमरगा भागात मुक्कामाला राहिले. घर गमावलेल्या माणसाला शिजवलेले अन्न हातात देणारे परके, आणि त्या परक्यांना रोज जेवू घालणारे स्थानिक, अशी उलटसुलट पंगत त्या काळात बसली.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाणी संपले. मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले; पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. शहराला मुंबईच्या वाटेवर आणणारी अरुंद गाडी २००८ च्या सुमारास रुंद मापाची झाली होती, म्हणून हे शक्य झाले. खानावळीला पाणी लागते ते शिजवण्यापेक्षा भांडी धुण्याला. स्टीलची ताटे बाजूला ठेवून कागदी ताटल्या आणि द्रोण काढण्यात आले, पिण्यासाठी विकतचे जार आले, काही ठिकाणी चुली बंदच राहिल्या. तिसरा प्रसंग मार्च २०२० च्या टाळेबंदीचा. वर्ग बंद, वसतिगृहे बंद, मुले गावी. मेसच्या फळ्यावर शेवटच्या दिवसाची भाजी तशीच लिहिलेली राहिली. ज्यांचा सगळा संसार त्या मुलांच्या महिन्यांवर चालत होता, त्या बायकांसाठी पुढची दोन वर्षे १९७२ पेक्षा कमी कठीण नव्हती.

सरकारनेही अधूनमधून खानावळ चालवून पाहिली. १९९५ मध्ये एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. ती पाच-सहा वर्षांत बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, दहा रुपयांत. बाजार समितीतले हमाल, दवाखान्यात आलेले रुग्णांचे नातेवाईक आणि कामासाठी शहरात आलेले मजूर यांना तिचा मोठा आधार झाला. पण या थाळीत भाकरी नाही. ज्वारीच्या मुलखात स्वस्त थाळीतून भाकरी गळाली, यात भाकरीला लागणाऱ्या कष्टाचा हिशेब आहे.

वर्षातून एक दिवस लातूरच्या खानावळी आपणहून बंद राहतात. मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. कन्नड मुलखातल्या एळ्ळ अमावास्येशी नाते सांगणारा हा सण सीमेच्या दोन्ही बाजूंना साजरा होतो. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी जाहीर होते आणि सकाळपासून शहर शेतांकडे निघते. कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडतात. तुरीच्या, वालाच्या, हरभऱ्याच्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मातीच्या बिंदगीत ताकात कालवलेली ज्वारीची आंबील, हे त्या दिवसाचे जेवण. ज्याला शेत नाही त्याला ओळखीचा कोणीतरी बोलावतो. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. ट्युशन एरियातली दूरगावची मुले वर्गमित्राच्या शेतात जातात, आणि वर्षभर डबा भरणारी मावशीही त्या दिवशी आपल्या भावाच्या शेतात ज्वारीच्या ताटांमध्ये जेवायला बसलेली असते.